सब्ज्याच्या अकरा मंजिऱ्या

मी एक जुना सब्जा आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वड किंवा चिंच येईल, म्हणून माझे वय आधीच सांगून टाकतो: आठ महिने आणि अकरा दिवस. आमच्या जातीत याला म्हातारपण म्हणतात. उगवायचे, वाढायचे, फुलायचे, बी धरायचे आणि वाळून जायचे, एवढे सगळे आम्हाला वर्षाच्या आत उरकावे लागते. त्यातले बी धरायचे तेवढे माझ्या हातून राहिले. ते का राहिले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

फालुद्यात बुळबुळीत काळे दाणे असतात ना, ते माझ्या भाऊबंदांचे बी. मी मात्र शोभेच्या जातीचा. माझी पाने काळसर जांभळी, कडांना कातरलेली. फुले फिकट गुलाबी. पान चुरगळले की लवंगेसारखा आणि थोडा बडीशेपेसारखा वास येतो. निदान येत असे.

माझे मूळ घर वसईजवळच्या सांडोरला. तिथे इनेझ टीचर राहतात. त्यांनी छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. आता त्या एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे पती फर्डिनंड बोटीवर नोकरीला होते. कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यांनी एकदा जांभळ्या सब्ज्याचे बी पाकिटात घालून आणले आणि घरासमोरच्या क्रुसाभोवती पेरले. तेव्हापासून माझे पूर्वज त्या अंगणात दरवर्षी आपोआप उगवत होते. फर्डिनंड गेल्यावर टीचर दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्यांच्या कबरीवर झेंडूबरोबर आमचे तुरे ठेवत. दुकानातली फुले त्यांनी कधी नेली नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, ऑस्करने, गाडी उभी करायला अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. क्रुसाभोवती वीतभर मातीचे कडे तेवढे राहिले. ऑस्कर वाईट नव्हता. पावसात चिखलावरून आई घसरली होती, म्हणून त्याने ते केले. पण आमची जमीन गेली. टीचरकडे एका पाकिटात जुने बी होते. त्यातले निम्मे त्यांनी त्या मातीच्या कड्यात टाकले. काही मुंग्यांनी नेले, काही ब्लॉकच्या धगीने करपले. उरलेल्या बिया त्यांनी यंदा वर्षाच्या सुरुवातीला जागृतीला दिल्या. जागृती त्यांची जुनी विद्यार्थिनी, वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली.

"एकोणीस आहेत. मोजून देतेय," टीचर म्हणाल्या. "माझे हात थरथरतात. तू घरात वाढव, बी धर, आणि मला मूठभर आणून दे. पुन्हा क्रुसापाशी उगवलेलं बघितलं की मी जायला मोकळी."

"असं काय बोलता, टीचर!"

"खरं तेच बोलते. विज्ञानाची बाई आहे मी."

मी त्या एकोणिसांतला एक.

जागृती राहते नायगावला, नव्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर. घरात ती आणि तिची आई कमळी, दोघीच. तिने कॉलेजात शिकवलेल्या पद्धतीने सुरुवात केली. दहा बिया ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून डबा झाकला. आमचे बी पाण्यात पडले की त्याच्याभोवती जेलीचा थर फुगतो. ती जेली कागदाला चिकटली, झाकणाखाली हवा खेळेना, आणि चौथ्या दिवशी दहाही बियांवर पांढरी बुरशी आली. जागृतीने वहीत लिहिले, "१० गेल्या. चूक माझी." मला तिची ही सवय आवडली होती. वहीत ती कधी खोटे लिहीत नसे.

उरलेल्या नऊ तिने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, अगदी वरच्यावर पेरल्या. चौघे उगवलो. दोघे जमिनीलगत देठ काळे पडून एकाच रात्रीत कोलमडले. तिसरा उजेडाकडे ताणला जाऊन दोऱ्यासारखा बारीक झाला आणि पंख्याच्या वाऱ्याने वाकला तो उठलाच नाही. मी राहिलो. एकोणिसांतला एक. पण त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते, कारण आमच्या एकाच फुलात परागही असतात आणि बीजांडेही. एक झाड पुरते. जागृतीने वहीत तसेच लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हे सगळे घडले.

मला रोज चार तास तरी ऊन हवे होते, आणि त्या घरात ऊन येणारी खिडकी एकच. सोसायटीचा नियम असा की ग्रिलमध्ये कुंडी ठेवायची नाही, खालच्या मजल्यावर पाणी गळते. म्हणजे खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर एकच कुंडी मावणार. ती जागा कमळीने तुळशीसाठी राखून ठेवली होती. खाडीकाठच्या गावातले त्यांचे घर पाडले तेव्हा अंगणातले वृंदावनही गेले होते. टॉवरमध्ये आणलेल्या दोन तुळशी वाळल्या. दोन वर्षे त्या बाईने तुळशीवाचून दिवस सुरू केले होते.

"आई, ही कुंडी इथे ठेवते गं."

"तिथं तुलस येनार हाय. तुझी शोभेची झाडं ठेव कपाटावर."

माझी पाने तेव्हा नुकती जांभळी होऊ लागली होती.

"आई, अगं, ही तुळसच आहे. कृष्ण तुळस."

मित्रांनो, हे पूर्ण खोटे नव्हते. तुळस आणि मी एकाच कुळातले, एकाच प्रजातीसमूहातले, चुलत भावंडे म्हणा. पण पूर्ण खरेही नव्हते, आणि जागृतीला ते माहीत होते. कमळीने मला जवळून पाहिले, पान न तोडता बोटाने चोळून बोट नाकाशी नेले आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी माझ्या कुंडीला हळदकुंकू लागले. जागृतीने त्या रात्री वहीत उंची लिहिली, पानांच्या जोड्या लिहिल्या. कृष्ण तुळशीचे काही लिहिले नाही.

नंतर सांगायचे तिच्या मनात होते. आईला टीचरबद्दल आकस होता असे मुळीच नाही. पण एकदा हळदकुंकू लागल्यावर "ही तुळस नाही" म्हणायला तिची जीभ रेटेना. बी हातात आले की सांगू, असे तिने ठरवले.

माझे चांगले दिवस मार्च ते जून. जागृतीने माझा शेंडा खुडला, तेव्हा एकाच्या जागी दोन फांद्या फुटल्या, दोनाच्या चार झाल्या. मी घुमटासारखा भरलो. शेजारणी बघायला येत. कोणी म्हणे प्लास्टिकचे वाटते, कोणी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढी. दर रविवारी जागृती सांडोरला व्हिडिओ कॉल लावून मला टीचरना दाखवी.

"जवळ धर. अजून जवळ. पानांच्या मागे माव्याची कीड आहे का बघितलंस?"

"नाही, टीचर."

"नाही म्हणजे नाही आहे, की बघितलं नाहीस?"

"बघितलं. नाही आहे."

"हं. फर्डिनंडचाच रंग आहे बघ." मग पडद्यावर त्यांचे नाक मोठे होई, कारण त्या फोनलाच वास घ्यायला जात आणि स्वतःवरच हसत.

हे कॉल कमळी बाजाराला गेली असताना होत.

पावसाळ्यात ऊन गेले. जागृतीने माझ्यावर पांढरी एलईडी नळी टांगली, चौदा तास चालू आणि दहा तास बंद. तिचा हिशेब चोख होता. पाणी दिवसाआड अर्धा पेला, बोट मातीत घालून बघितल्याशिवाय नाही. मात्र रोज सकाळी ती बाहेर पडली की कमळी आंघोळ करून ओल्या केसांनी यायची आणि पूर्ण तांब्या माझ्या मुळांशी रिकामा करायची. सोबत काहीतरी पुटपुटायची. गावचे, माणसांचे, कधी जागृतीच्या नोकरीचे. मी ते सारे ऐकले. माझ्यावर एवढी माया कोणी केली नव्हती. आणि त्या तांब्यांनीच खाली माझी मुळे एकेक करून कुजत गेली.

जुलैअखेर माझी पाने भर दुपारी माना टाकू लागली. जागृतीने मातीत बोट घातले. चिखल.

"आई, तू पाणी घालतेस हिला?"

"मग? तुलशीला पानी घालत नाय?"

"रोज नको गं. मुळं कुजतात."

"गावाला शंभर वर्सं घातलं, नाय कुजली ती."

"तिथे अंगण होतं, आई. ही कुंडी आहे."

कमळीचा चेहरा उतरला. तिने शपथ घातल्यासारखे सांगितले की पुन्हा एक थेंब घालणार नाही. जागृतीला वाईट वाटले. ती आईजवळ बसली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडले. सांगायची ती वेळ होती. ती म्हणाली, "चहा करू?"

जागृतीने माझी एक फांदी कापली. आत तपकिरी रेघ दिसली. तिने माझ्या सहा फांद्या पाण्यात ठेवल्या. निरोगी सब्ज्याच्या फांदीला आठवड्यात मुळे फुटतात. माझ्या सहाही फांद्या खालून काळ्या पडल्या. रोग माझ्या दांड्यातून वर चढत होता. वहीत आले, "कलम नाही. फक्त बी. वेळ अंदाजे दोन महिने."

मी कामाला लागलो. झाडाला आपले मरण कळते की नाही यावर पुस्तके काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण मुळांकडून पाणी येईनासे झाले तेव्हा माझ्यात जे काही उरले होते ते सगळे मी फुलांत घातले. ऑगस्टात अकरा मंजिऱ्या आल्या. अकराव्या मजल्यावर मधमाशी कुठली? जागृती बारीक कुंचल्याने एकेका फुलाचे पराग त्याच्या शेजारच्या फुलाला लावी. रोज सकाळी सात ते साडेसात. श्वास रोखून. फूल गळून पडे आणि मागे हिरवा पेला राही. त्या पेल्यात चार बिया धरू शकतात.

"टीचर, अकरा मंजिऱ्या! कमीत कमी दोनशे बिया तरी..."

"मोजू नकोस गो. पिकू दे. पेला तपकिरी झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आत बी काळं दिसलं पाहिजे."

"अजून दहा दिवस लागतील."

"मी आहे दहा दिवस," टीचर म्हणाल्या.

गणपती होऊन गेले होते. जागृतीला पुण्याच्या एका संस्थेतून मुलाखतीला बोलावणे आले. तीन दिवस. निघताना तिने आईला दोन गोष्टी बजावल्या. पाणी अजिबात घालायचे नाही, आणि पाने तोडायची नाहीत.

"तुलशीची पानं मी कशाला तोडू? येडी हायस का?" कमळी म्हणाली. "जा तू. नीट बोल तिथं. घाबरू नको, बाय."

ती गेली तो दिवस दशमीचा. संध्याकाळच्या आधी कमळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी झुकलो होतो. खालची पाने गळली होती. मंजिऱ्यांचे खालचे पेले तपकिरी होऊ लागले होते, वरचे अजून हिरवे होते. तिने कंबरेवर हात ठेवून मला न्याहाळले.

"केवढा भार झालाय गो तुझ्या डोक्यावर," ती मला म्हणाली. "पानी घालून मीच तुझा जीव घेतला. थांब, एवढं तरी करते."

सुकत चाललेली मंजिरी तुळशीला जड होते, ती काढली की तुळस पुन्हा तरारते, हे तिला तिच्या सासूने सांगितले होते, आणि सासूला तिच्या सासूने. मित्रांनो, हे शास्त्राला धरून आहे. बी पोसायला झाडाची सगळी ताकद जाते. मंजिऱ्या खुडल्या तर झाड जास्त दिवस जगते. कमळी चुकीचे काही करत नव्हती. दुसऱ्या दिवशी एकादशी, एकादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणून तिने त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, हात धुऊन, क्षमा मागून, माझ्या अकराही मंजिऱ्या नखाने अलगद खुडल्या. एकही फांदी दुखावली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. एकादशीला विठोबाच्या तसबिरीला वाहिल्या. द्वादशीला सकाळी निर्माल्य घेऊन गावाकडे गेली आणि खाडीत सोडून आली.

मी ओरडू शकलो नाही. झाडाला ते येत नाही.

जागृती द्वादशीच्या संध्याकाळी परतली. मुलाखत चांगली झाली होती. दारातूनच ती काहीतरी सांगत आत आली आणि खिडकीपाशी गेली.

"आई, मंजिऱ्या?"

"काढल्या मी. बघ कशी हलकी झाली. आता पालवी येल तिला."

"कुठे आहेत?"

"देवाला वाहिल्या ना. निर्माल्य खाडीत सोडलं आज. का गो? काय झालं?"

जागृतीने देव्हारा उचकला. पाटाखाली, तसबिरीमागे, केरात. दोन पेले सापडले. त्यांतल्या बिया फिकट आणि सुरकुतलेल्या होत्या. तिने त्या वाटीत पाण्यात टाकल्या. पिकलेले बी असते तर मिनिटभरात जेली फुगली असती. ती अर्धा तास वाटीकडे बघत बसली. काही फुगले नाही. तेव्हा कुठे तिने सगळे सांगितले. टीचर, फर्डिनंड, क्रूस, एकोणीस बिया, आणि पहिल्या दिवशी बोललेले ते एक वाक्य.

कमळीने ती वाटी बाजूला सरकवली.

"टीचरचं झाड होतं तं टीचरचं म्हनून सांभाललं असतं मी," ती म्हणाली. "माझ्या तुलशीला दुसरी जागा नसती का केली? मी नाय म्हनाली असती, असं वाटलं तुला?"

जागृतीने वही उघडली, पेन हातात धरले, आणि मिटली.

पालवी आली नाही. पुढच्या रविवारी दोघी मला घेऊन सांडोरला गेल्या. केळीच्या वाड्यांमधल्या रस्त्याने रिक्षा जात होती आणि मी कमळीच्या मांडीवर होतो. धक्का बसला की ती माझ्या दांड्याला हाताचा आधार देत होती. टीचर व्हरांड्यात बसल्या होत्या.

"ये गो जागृती. आणि ही आई ना? नववीच्या पालकसभेला आली होतीस तू. सगळ्यांत शेवटी उठलीस."

"टीचर, हिला काय बोलू नका," कमळी उभ्या उभ्याच म्हणाली. "मंजिऱ्या मी तोडल्या. मला ठाव नव्हतं."

"सगळ्या?"

"सगल्या. विठोबाला वाहिल्या."

टीचर हसल्यासारख्या झाल्या. "मग बी त्याच्याकडेच मागायला पाहिजे." कोणी हसले नाही. त्यांनी मान वळवली. "जागृती, घरात काय म्हणून सांगितलं होतंस?"

"कृष्ण तुळस."

"वर्गीकरणात तुला पैकीच्या पैकी दिले होते मी."

एवढेच. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. जागृती रडू लागली, कमळीने तिला जवळ घेतले नाही. मग टीचरनीच ऑस्करला हाक मारली आणि मला क्रुसापाशी लावायला सांगितले. "मरायचंय तर मातीत मरू दे," त्या म्हणाल्या.

तर असा मी माझ्या पूर्वजांच्या जागेवर परत आलो, वीतभर मातीत, भोवती तापलेले ब्लॉक. माझ्या अंगावर आता पाच पाने आहेत. फूल येणार नाही. एकोणिसांतला मी शेवटचा, आणि माझ्यानंतर आमच्यातले कोणी नाही.

मित्रांनो, माझ्या वाट्याला निष्काळजीपणा कधीच आला नाही. जागृतीने माझे प्रत्येक पान मोजले. कमळीने माझ्यासाठी हात जोडले. काळजीत दोघींपैकी कुणीच कमी पडले नाही, आणि तरीही मी बी न धरता चाललो आहे. म्हणून एक मागणे आहे. घरात एखादे रोप आणाल तेव्हा ते कोणाचे आहे, कशासाठी आहे, त्याला काय लागते, हे घरातल्या प्रत्येकाला खरे खरे सांगा. जागेसाठी, सोयीसाठी, वाद नको म्हणून दुसरेच नाव सांगू नका. नंतर सांगू म्हणून ठेवलेली गोष्ट माणसाला नंतर सांगता येईल. आम्हाला तेवढे आयुष्य नसते.

टीचर रोज सकाळी काठी टेकत येतात. आज त्यांनी माझे एक पान खुडले, दोन बोटांत चुरगळले आणि नाकाशी धरले. बराच वेळ धरले.

"ऑस्कर," त्यांनी हाक मारली. "वास येत नाही. माझ्या नाकाचं झालंय की झाडाचं, बघ जरा."

ऑस्करने वाकून त्यांच्या बोटांचा वास घेतला. माझ्या पानांत आता वासाचे तेल उरलेले नाही, ते मला ठाऊक आहे.

"येतोय ना, मम्मा," तो म्हणाला. "चांगला येतोय."